छतातून पाच वायरी निघाल्या, पॅनेलला मात्र दोनच: कुठली वायर कोणती, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतला १९८०च्या दशकात बांधलेला फ्लॅट. हॉलच्या छतावरची जुनी ट्यूब काढून तिथे १५ वॅटचं एलईडी पॅनेल लावायचं आहे. ट्यूबची पट्टी उतरवताना कुठली वायर कुठे होती हे बघायचं राहून गेलं. छतातल्या गोल डबीतून आता पाच वायरी लोंबतायत. दोन काळ्या एकमेकींना पिळलेल्या आहेत. दोन पिवळ्या टेपखाली एकत्र होत्या, पण टेप हातातच सुटली आणि त्या वेगळ्या झाल्या. पाचवी लाल, एकटी. पॅनेलच्या ड्रायव्हरला (मेनचा करंट पॅनेलला लागेल तसा बदलून देणाऱ्या छोट्या डब्याला) एक तपकिरी आणि एक निळी अशा दोनच वायरी आहेत. मेन परत चालू केल्यापासून पॅसेजमधला दिवा लागत नाही. घरात इन्व्हर्टर आहे. आणि पुढच्या महिन्यात बेडरूममधला पंखा काढून त्याच हुकाला पितळी झुंबर लावायचा विचार आहे.

सगळ्यात आधी मेन आणि मग इन्व्हर्टरही बंद करा, आणि पिळलेल्या काळ्या न सोडवता सगळ्या उघड्या टोकांना वेगवेगळी टेप लावा. मग पुढचं वाचा. उघडी टोकं लोंबत ठेवून घरात वावरायचं नाही, मग ती छताला असली तरी. पंख्यावरची जळमटं काढायला कोणी स्टुलावर चढलं तर हात तिथपर्यंत सहज पोचतो.

तुमच्या वर्णनावरून बहुतेक उत्तर मला दिसतंय. काळ्या दोन म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणाऱ्या: एक बोर्डाकडून आलेली, दुसरी पुढच्या पॉइंटला गेलेली. लाल म्हणजे हाफ, म्हणजे तुमच्या बटणातून परत आलेली फेज (करंट आणणारी वायर). आणि पिवळ्या दोन म्हणजे हॉलच्या दिव्याशी काहीही संबंध नसलेली, डबीतून फक्त पुढे पॅसेजच्या बोर्डाला जाणारी कायमची फेज. पॅसेजचा दिवा बंद पडला ही याची सगळ्यात मोठी खूण आहे, कारण त्याची वाट तुमच्या हातात सुटलेल्या त्या जोडातूनच जात होती. पण हे माझं अनुमान आहे, तपासणी नव्हे. ते खरं आहे का, हे तुम्हाला तिथे शिडीवर सिद्ध करायचंय. ते कसं, त्यासाठीच हे सगळं लांबण लावतोय.

वायर कुठल्या रंगाची आहे, यापेक्षा ती काय काम करते हे बघायचं असतं. आपल्याकडे एका दिव्याच्या पॉइंटला तीनच कामाच्या वायरी असू शकतात. एक हाफ: बटण चालू केलं की जिच्यात फेज येते आणि बंद केलं की जाते. दुसरी न्यूट्रल, जिच्यातून करंट परत जातो. तिसरी अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली अर्थिंगची वायर, जी जुन्या घरांत लाइट पॉइंटला बहुतेक वेळा नसतेच. याशिवाय डबीत जे काही सापडतं ते लूपिंग असतं, म्हणजे पुढच्या खोलीचं, पुढच्या बोर्डाचं, कधी जिन्याच्या टू-वे बटणाचं (दोन जागांवरून एकच दिवा लावायचा-विझवायचा, त्याचं). लूपिंगच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या पाहिजेत आणि नव्या दिव्याला त्यातली फक्त न्यूट्रलची जोडी लागते. वायरी जितक्या जास्त, तितका माणूस घाबरतो. खरं तर पाच वायरींमध्ये कामाच्या जागा दोनच असतात.

आता रंगांचं. आपल्याकडचा नियम असा, की लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा. नियम चांगला आहे आणि नवीन कामात बऱ्यापैकी पाळलाही जातो. पण ज्या दिवशी तुमच्या घरात वायर ओढली गेली, त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत लाल बंडल संपलं असेल, तर त्याने पिवळं ओढलं असेल आणि तेही संपल्यावर काळं. एकाच पाइपातून दोन काळ्या ओढून एक हाफ आणि एक न्यूट्रल केलेली घरं मी ठाण्यात आणि कल्याणला कित्येक पाहिली आहेत. त्याहून जुन्या, लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेल्या वायरिंगमध्ये तर दोन्ही वायरींचं रबर काळंच असतं. तिथे रंग बघून काही कळणारच नाही.

आणखी एक फसगत नव्या दिव्यांमुळे होते. ड्रायव्हरच्या वायरींचे रंग आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असतात: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरव्यावर पिवळी रेघ म्हणजे अर्थ. म्हणजे पॅनेलची निळी न्यूट्रल आहे, पण तुमच्या भिंतीतली निळी फेज असू शकते. थ्री फेज मीटर असलेल्या मोठ्या फ्लॅटमध्ये आणि बंगल्यात ती सहसा फेज असते. निळीला निळी जोडायला गेलात तर उलटं होईल. परदेशात राहून आलेल्यांनी अजून जपावं. अमेरिकेत काळी वायर फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची. ब्रिटनमध्ये २००६पर्यंत लाल-काळा होता, आता तपकिरी-निळा आहे, आणि तिथल्या जुन्या घरांत सीलिंग रोजमध्ये (छतावरच्या जोडणीच्या डबीत) येणाऱ्या एका जोडीतली काळी वायर बटणाकडून परत आलेली हाफ असते. तिला न्यूट्रल समजून बाकीच्या काळ्यांत पिळलं की बटण दाबताक्षणी शॉर्ट. तिकडे घरची कामं स्वतः करायची सवय लागलेली मंडळी सुट्टीत आईवडिलांच्या घरी येऊन त्याच भरवशावर डबी उघडतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

करंट बंद करण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण अपघात इथे होतात. नुसतं दिव्याचं बटण बंद करून काम करायचं नाही. बटण एकच वायर तोडतं, आणि ती फेजची आहे की न्यूट्रलची हे तुम्हाला अजून माहीत नाही. कुणी बटण न्यूट्रलवर घातलं असेल, तर दिवा विझलेला असतो आणि होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. हे बेकायदा आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतही न्यूट्रलवर एकेरी बटण किंवा फ्यूज नको असंच होतं, पण जुन्या घरांत ते सर्रास सापडतं. म्हणून एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, पाडा. त्यातही एकेरी एमसीबी फक्त एक वायर तोडते, तेव्हा जमेल तिथे दोन्ही वायरी एकदम तोडणारा मेन स्विच बंद करा. जुन्या लोखंडी पेटीतला खटका असेल तर तो खाली ओढा, आणि पोर्सेलीनचे किटकॅट फ्यूज असतील तर ते काढून स्वतःच्या खिशात ठेवा. अशा पेट्यांत न्यूट्रललाही फ्यूज असायचा. चुकून तेवढाच काढला, तर घरभर अंधार होतो आणि प्रत्येक फेजमध्ये करंट तसाच असतो.

आणि इन्व्हर्टर. मेन बंद केल्यावर क्षणात इन्व्हर्टर बॅटरीवर चालू होतो आणि हॉलच्या दिव्याला पुन्हा करंट देतो. त्याचं कामच ते आहे. उलट, फक्त इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं आणि मेन चालू राहिला, तर बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमधून मेनचा करंट आरपार पुढे जातच राहतो. म्हणून क्रम असा: आधी मेन बंद, इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्याचा आवाज ऐका, मग इन्व्हर्टर बंद. छतावर सोलर असेल आणि त्याला बॅटरी जोडलेली असेल, तर तीही बाजू बंद करायची. त्यानंतर टेस्टरने खात्री. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का बघायचा, मग डबीत लावायचा, मग मेन परत चालू केल्यावर पुन्हा त्याच सॉकेटमध्ये तपासायचा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल, तर तो न पेटण्याला काहीच अर्थ नाही.

आता ओळखण्याचं काम. मेन आणि इन्व्हर्टर बंद असताना शिडीवर चढा. लाकडी किंवा फायबरची शिडी हवी, ॲल्युमिनियमची नको. मोबाइलने डबीचा जवळून फोटो काढा, एक समोरून आणि एक खालून. पाच छोट्या पांढऱ्या कागदी पट्ट्यांवर १ ते ५ लिहून एकेका वायरीला गुंडाळा. टोकं एकमेकांपासून आणि डबीच्या लोखंडी कडेपासून लांब, फुलासारखी पसरवून ठेवा. काळ्यांची पिळलेली जोडी सोडवू नका. पिळलेला जोड म्हणजे आधीच्या वायरमनने तुमच्यासाठी ठेवलेली माहिती आहे, आणि सोडवला की ती गेली. मग खाली उतरा, मेन चालू करा, घरातल्या एकाला बटणाच्या बोर्डापाशी उभं करा आणि दुसऱ्या कोणाला शिडी धरायला सांगा.

हॉलचं बटण बंद. पाचही टोकांना एकेक करून टेस्टर लावा. तुमच्या केसमध्ये एकच पिवळी पेटायला हवी. ती बोर्डाकडून आलेली कायमची फेज. दुसरी पिवळी पॅसेजकडे गेलेली आहे, ती आता मेलेली असणार. लाल पेटायला नको, काळ्या पेटायला नकोत. आता खालच्याला बटण चालू करायला सांगा. लाल पेटली आणि बाकी काही बदललं नाही, तर लाल म्हणजे हाफ, हे सिद्ध झालं. बटण बंद-चालू-बंद असं दोनदा करून घ्या, आणि प्रत्येक वेळी लाल त्याच्याबरोबर जाते-येते का ते बघा. जी वायर तुमच्या बटणाचं ऐकते ती हाफ.

टेस्टरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण लोक त्यावर फार विसंबतात. टेस्टरमध्ये एक छोटा निऑन दिवा आणि त्याच्याबरोबर मोठा रेझिस्टर असतो. करंट तुमच्या शरीरातून, अगदी सूक्ष्म, जमिनीकडे जातो आणि निऑन पेटतो. तुम्ही रबरी चपला घालून कोरड्या लाकडी शिडीवर उभे असाल, तर फेज असूनही तो इतका मंद पेटतो की दुपारच्या उजेडात दिसतच नाही. दुसऱ्या हाताने टेस्टरवर सावली धरून बघा, नारिंगी ठिपका दिसेल. आणि उलटही होतं. दहा-बारा फूट पाइपात कायमच्या फेजशेजारून गेलेली मोकळी वायर नुसत्या सान्निध्यामुळे थोडी भारते आणि टेस्टर तिच्यावरही फिकट पेटतो. तुमची लाल, बटण बंद असतानाही, अगदी अंधुक पेटली तर घाबरू नका. पण तिला निर्दोषही समजू नका, पुढची तपासणी करा. डिजिटल मल्टीमीटरसुद्धा अशा वायरीवर चाळीस-साठ-ऐंशी व्होल्ट असे विचित्र आकडे दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही.

खरं काय ते साध्या तारेच्या बल्बचा टेस्ट लॅम्प सांगतो. होल्डरला दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी, पुढे प्लास्टिकच्या मुठीतली टोकं, आणि १५ ते ६० वॅटचा पिवळ्या प्रकाशाचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तो भारलेल्या वायरीवरही मिणमिणतो आणि तुम्हाला फसवतो. बटण चालू करून लाल आणि काळ्यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. बल्ब पूर्ण तेजाने लागला, बटण बंद केल्यावर पूर्ण विझला, की तुमची दिव्याची जोडी सापडली. तारेला ताप येईल इतका करंट भारलेल्या वायरीतून मिळत नाही, म्हणून या बल्बाचं उत्तर खोटं ठरत नाही.

मग पिवळ्यांची खात्री. दुसरी पिवळी खरंच पॅसेजला गेली आहे का? मेन आणि इन्व्हर्टर बंद, टेस्टरने खात्री, दोन्ही पिवळ्या एकत्र जोडून टेप, परत मेन चालू. पॅसेजचा दिवा लागला तर विषय संपला. एक इशारा: पॅसेजचं बटण चालू राहिलं असेल तर तुटलेली पिवळी टेस्टरवर पेटत नाही आणि न्यूट्रलसारखी वागते, कारण तिकडच्या दिव्यातून ती न्यूट्रललाच पोचलेली असते. फेज आणि ती पिवळी यांच्यात टेस्ट लॅम्प लावला तर बल्ब लागेलही, पण मंद. तेज कमी दिसलं की समजायचं, मध्ये दुसरं काहीतरी आहे. खरी न्यूट्रल पूर्ण तेज देते.

आता चुकून काय जोडलं तर काय होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं. लक्षणावरून चूक ओळखता येते. पॅनेल पिवळ्या आणि काळीत जोडलं तर ते कायम लागलेलं राहील, बटण निरुपयोगी. लाल आणि पिवळीत जोडलं तर बटण चालू केल्यावरही लागणार नाही, कारण दोन्ही बाजूंना तीच फेज. लाल आणि पिवळ्या तिन्ही एकत्र पिळल्या तरीही पॅनेल कायम चालू. काळ्यांची जोडी सोडवून एकच काळी पॅनेलला लावली, तर तुमचा दिवा लागेल, पण त्यापुढच्या सगळ्या पॉइंटांची न्यूट्रल तुटेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाल काळ्यांत पिळली गेली, तर बटण बंद आहे तोवर सगळं ठीक दिसतं आणि ज्या क्षणी कोणी बटण दाबेल त्या क्षणी शॉर्ट होऊन एमसीबी पडेल, किंवा जुन्या घरात फ्यूज उडेल. असं झालं की लोक नव्या पॅनेललाच दोष देऊन ते दुकानात परत नेतात. पॅनेल चांगलं असतं. एमसीबी बटण दाबल्यावरच पडते की मेन चालू करतानाच पडते, एवढं बघा. बटण दाबल्यावर पडत असेल तर चूक हाफमध्ये आहे.

टेस्टर दोन्हीकडे पेटतोय, फेजवरही आणि न्यूट्रलवरही, ही तक्रार फार येते. बहुतेक वेळा कारण एकच: न्यूट्रल कुठेतरी तुटली आहे. बोर्डात, वरच्या डबीत, किंवा जुन्या पेटीतल्या न्यूट्रलच्या फ्यूजमध्ये. पुढे जोडलेल्या कुठल्यातरी चालू दिव्यातून किंवा पंख्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीत येऊन थांबते. तिथून परत जायला वाट नसते, म्हणून काहीच चालत नाही आणि टेस्टर सगळीकडे पेटतो. अशा वेळी काळी वायर हातात धरून ‘ही तर न्यूट्रल’ म्हणणं जीवावर बेतू शकतं. घरातली सगळी बटणं बंद करा आणि सॉकेटमधले प्लग काढा. काळी पेटायची थांबली तर न्यूट्रल तुटल्याचं नक्की झालं, आणि तो जोड शोधायचं काम माहितगाराचं आहे.

जिन्यात किंवा पलंगापाशी टू-वे बटणं असतील तर हाफ दोन्ही बटणांचं ऐकते, तेव्हा चारही जुळण्या करून बघायच्या. पूर्वी वायर वाचवायला काही जण दोन्ही बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही उचलून दोन बटणांच्या मधोमध दिवा टांगत. दिवा लागतो-विझतो व्यवस्थित, पण विझण्याच्या दोन अवस्थांपैकी एकीत होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज असते. असं काही सापडलं तर नवा दिवा लावू नका, आधी वायरिंग बदलून घ्या.

थ्री फेजच्या घरात एकाच डबीत दोन वेगळ्या फेज आल्या असतील, तर टेस्टर दोन्हीवर सारखाच पेटेल आणि तुम्हाला त्या एकाच कामाच्या वाटतील. मल्टीमीटर त्यांच्यात ४००च्या आसपास व्होल्ट दाखवेल. अशा दोन पिवळ्या-निळ्या एकत्र पिळल्या तर जे होईल ते बघायला कुणी तिथे उभं राहू नये. म्हणून जोड सुटला असेल तर जोडण्याआधी दोन टोकांमध्ये मीटर लावायचा, रंग जुळतोय म्हणून पिळायचं नाही.

न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक टेस्टर सांगत नाही, आणि टेस्ट लॅम्पही नीट सांगत नाही, कारण फेज-अर्थमध्येही बल्ब पूर्ण लागतो. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की आपोआप पडणारा खटका) असेल तर तो लगेच पडेल, आणि ते बरोबरच आहे. अर्थिंग कमजोर असलेल्या घरात मात्र हा प्रयोग करू नका, कारण तेवढा वेळ फ्रिज आणि गिझरच्या बॉडीला करंट येऊ शकतो. त्यापेक्षा दोन्ही वायरी तोडणारा मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, मल्टीमीटर बीपवर ठेवून सॉकेटची वरची मोठी पिन आणि ही वायर तपासा. बीप झाला तर अर्थ. न्यूट्रल त्या वेळी मेनमधून तुटलेली असल्याने सहसा बीप देत नाही. ती देत असेल, तर घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेत, आणि तो वेगळा दोष आहे.

जोडणी तशी सोपी आहे. लाल ड्रायव्हरच्या तपकिरीला. दोन्ही काळ्या आणि ड्रायव्हरची निळी अशा तिघी एका चांगल्या कनेक्टरमध्ये. दोन्ही पिवळ्या वेगळ्या कनेक्टरमध्ये, नुसत्या टेपवर सोडू नका. छताजवळच्या उष्णतेने टेपचा गोंद विरघळतो आणि काही वर्षांनी ती अशीच हातात सुटते. इन्सुलेशन आठ-दहा मिलिमीटरच सोला, स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर नाही, आणि प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. ड्रायव्हरची ही बाजू आणि पॅनेलकडे जाणारी बाजू यांत गल्लत करू नका. पॅनेलच्या बाजूला डीसी असतो, तिथे २३० व्होल्ट दिले की पॅनेल जागीच जातं.

त्या काळातल्या काही इमारतींत ॲल्युमिनियमची वायर आहे. सोललेलं टोक रुपेरी दिसलं आणि दोनदा वाकवल्यावर तुटलं, तर तीच. ती तांब्याला थेट पिळायची नाही. जोड सैल होतो, गरम होतो, आणि छतात दिसत नाही. रबर कडक होऊन बोटांत भुकटी होत असेल, प्लास्टिक तपकिरी पडून करपल्याचा वास येत असेल, किंवा कोकणात पावसाळ्यात होतं तसा स्लॅब ओलसर असेल, तर तिथेच थांबा. ओल्या स्लॅबमध्ये टेस्टर कशावरही पेटतो आणि त्याच्या कुठल्याच उत्तरावर विसंबता येत नाही.

लावल्यावर रात्री बटण बंद असताना पॅनेल अंधुक उजळत असेल, तर तीन कारणं शोधा. बटणात लाल इंडिकेटर आहे का, वायर लांब असून शेजारच्या फेजमुळे भारते आहे का, आणि बटण न्यूट्रलवर तर नाही ना. पहिल्या दोन्हींत धोका नाही. तिसरं असेल तर बोर्ड उघडून दुरुस्त करून घ्यायलाच हवं, कारण पुढच्या वेळी पॅनेल बदलणारा माणूस बटण बंद आहे म्हणून निर्धास्त हात घालेल.

बेडरूमच्या झुंबराचं. पंख्याच्या पॉइंटला हाफ बटणातून रेग्युलेटरमध्ये जाऊन मग वर येते. एलईडीचं झुंबर त्या रेग्युलेटरवर चालवू नका. ते लुकलुकेल आणि त्याचा ड्रायव्हर लवकर जाईल. रेग्युलेटर बोर्डातून काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. पंखा उतरवताना त्याच्या कपॅसिटरच्या टोकांना लगेच हात लावू नका, त्यात थोडा वेळ करंट साठलेला असतो. हूक पंख्याचं वजन पेलत होता म्हणून झुंबराचं पेलेलच असं नाही. तो स्लॅबमध्ये शिरतो तिथे गंजून बारीक झालाय का, हे टॉर्च मारून बघा.

आणि झुंबर पितळी आहे, म्हणजे त्याला अर्थ लागणार. तुमच्या घरात पंख्याच्या पॉइंटला दोनच वायरी असण्याची शक्यता जास्त आहे. अशा वेळी कुणी झुंबराची बॉडी न्यूट्रलला जोडून देतो म्हणेल, त्याला स्पष्ट नाही म्हणा. मघाशी सांगितलं तशी न्यूट्रल मागे कुठे तुटली, तर झुंबराच्या दिव्यांतून फेज थेट पितळेवर येईल. हिरवी वायर बोर्डाच्या अर्थपासून त्याच पाइपातून स्प्रिंगने वर ओढून घ्यायची. दिवा, पंखा, बटण, फ्यूज यांची क्षमता न बदलता केलेली अदलाबदल घरमालकाने स्वतः करायला १९५६च्या नियम ४५मध्ये सूट होती, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही ती तशीच राहिली. हॉलचं पॅनेल त्या सवलतीत बसतं. झुंबरासाठी नवी अर्थ ओढणं बसत नाही. तेवढं काम लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडून करून घ्या, आणि त्याच दिवशी त्याला हॉलच्या डबीतली पिवळी जोडही एकदा दाखवा.